कॅटेगरी : ढकल

शेलूबाजारला हायवेला लागून दौलतराव गावंड्यांचं जुनं गोदाम आहे, आणि त्या गोदामात आठ वर्षांपासून भरतीपूर्व अकादमी चालते. जिथे पूर्वी तूर-सोयाबीन ठेवायचे, तिथे आता पोलीस व्हायला निघालेली पोरं-पोरी घाम गाळतात. आत शिरलं की समोरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने एक तक्ता रंगवलेला दिसतो. मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘मुलांचे व्यायाम’, उजवीकडे ‘मुलींचे व्यायाम’. डाव्या रकान्यात स्क्वाट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, पुलअप आणि आणखी आठ-दहा नावं; जागा पुरली नाही म्हणून शेवटची दोन बारीक अक्षरांत कोंबलेली. उजवीकडे दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, हलके डंबेल आणि स्ट्रेचिंग. एवढ्यात संपलं. उरलेली जागा रिकामी दिसू नये म्हणून पेंटरने तिथे गुलाबाचं फूल काढून दिलं होतं.

स्नेहा अंभोरेला ते फूल पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होतं. अमरावतीहून बी.पी.एड. करून ती इथे ‘लेडीज मॅडम’ म्हणून लागली होती. लेडीज मॅडमचं काम काय, तर पोरींची हजेरी घ्यायची, शिट्टी वाजवायची आणि त्यांना लोखंडाच्या खोलीपासून लांब ठेवायचं. दांडे, प्लेटा, रॅक सगळं त्या खोलीत, आणि खोलीची किल्ली दौलतरावांच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली. पट्टा म्हणजे दुखऱ्या कमरेला बांधतात तो, डॉक्टरने दिलेला. तरुणपणी कुस्त्या मारलेला हा माणूस आता बुटाची लेस बांधायची तर आधी खुर्चीवर पाय टेकवायचा. त्याबद्दल अकादमीत कोणी चकार शब्द काढत नसे.

पोरी एकोणीस. त्यातली संस्कृती राठोड पोहरादेवीकडच्या तांड्यावरची, शेलूबाजारला मावशीकडे राहून तयारी करणारी. आठशे मीटर अशी पळायची की पोरंही बघत उभी राहायची. पण गोळा हातात आला की तिचं सगळं अवसान गळायचं. चार किलोचा गोळा, आणि पूर्ण मार्कांना सहा मीटर. संस्कृतीचा गोळा पावणेपाच मीटरवर जाऊन बसायचा, तो बसायचाच. मागच्या भरतीत ती दोन मार्कांनी राहिली होती. ते दोन मार्क गोळ्यातच गेले हे तिला पाठ होतं. नव्या भरतीचं मैदान अडीच महिन्यांवर आलं होतं.

स्नेहाने एकदा सरळच विचारलं, “सर, पोरींले लोखंडाची खोली उघडून द्या. गोळ्यासाठी ताकद पाह्यजे.”

“गोळा हातानं फेकतेत मॅडम,” दौलतराव म्हणाले. “हातासाठी डंबेल हायेत ना त्यायले. गुलाबी, एक-एक किलोचे. खास मागवले म्या.”

“गोळा पायानं फेकतेत सर. हात तं शेवटी लागते.”

दौलतराव हसले. मोठ्या माणसाने लहान पोराला समजून घ्यावं तसं हसले, आणि तेच स्नेहाला झोंबलं. “तुमी शिट्टी वाजवा,” ते म्हणाले, “लोखंडाचं आमी पाहून घेऊ. उद्या एखादीची कंबर लचकली तं तिच्या बापाले मी काय सांगू? ते जड काम हाय.”

जड काम. हा शब्द स्नेहाने लहानपणापासून ऐकला होता. या भागात कामाची वाटणीच तशी. पेरणी, फवारणी, पोती उचलणं ही गड्याची कामं, म्हणून जड. निंदण, वेचणी, पाणी भरणं ही बायांची, म्हणून हलकी. रोजीसुद्धा त्याच हिशेबाने. दुसऱ्या दिवशी पोरी सूर्यनमस्कार घालून टेकल्या तेव्हा तिने सहज विचारलं की घरी काय काय उचलता. वैजयंती म्हणून गावातलीच शेतकऱ्याची पोर होती, ती म्हणाली की भाऊ पुण्याला गेल्यापासून फवारणीचा पंप तीच पाठीवर घेते, भरला म्हणजे वीस किलोच्या आसपास जातो, आणि दिवसाला पंधरा पंप होतात. संस्कृती म्हणाली की कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती बांधावरून गाडीपर्यंत येते. किती वजन असतं, तर कधी मोजलं नाही, पण उतरवायला दोन माणसं लागतात. एकीने दोन हातांत दोन डबे पाण्याचे सांगितले. हे सगळं हलकं काम बरं का. आणि या पोरींना एक किलोचा गुलाबी डंबेल.

रविवारी ती एसटीने कारंज्याला घरी गेली. तिचे वडील देवमन कारंज्याच्या धान्य बाजारात तीस वर्षांपासून हमाल. अंगणात बाजेवर बसून ते पायाला तेल चोळत होते आणि बेबीताई, स्नेहाची आई, आत भाकरी थापत होती. स्नेहाने वही काढली. कॉलेजात शिकलेले व्यायाम तिने ओळीने लिहिले होते, पन्नासेक भरले असतील. कुठला कशात बसवायचा, याची जुळवाजुळव सकाळपासून चालली होती. पुस्तकात कुठे स्नायूंच्या नावाने वर्ग पाडलेले, कुठे यंत्रांच्या नावाने. पोरींना सांगायला गेलं तर दोन दिवसांत विसरतील असलं ते सगळं.

“बाबा, पोतं उचलाचे परकार किती?”

देवमनना आधी वाटलं पोरगी मस्करी करते. मग ते खरंच विचारात पडले. तेलाचा हात हवेत राहिला.

“उचलाचे नाई, हालवाचे म्हन,” ते म्हणाले. “पोतं पाच परकारे हालते. खाली बसून मांडीवर घ्या, अन् घेऊन उठा. कमरेतून वाकून जमिनीवरून काढा. थप्पीवर ढकला. ट्रकातून आपल्याकडे ओढा. अन् पाठीवर घेऊन चाला. सहावा परकार मले तीस वर्षात दिसला नाई.”

स्नेहाने लिहिलं. बस. वाक. ढकल. ओढ. ने. मग वहीतले पन्नास व्यायाम एकेक करून त्या पाच शब्दांखाली घालत गेली आणि सगळे बसले. स्क्वाट ‘बस’मध्ये, डेडलिफ्ट ‘वाक’मध्ये, जोर मारणं ‘ढकल’मध्ये, पुलअप ‘ओढ’मध्ये, डबे घेऊन चालणं ‘ने’मध्ये. एकही बाहेर राहिला नाही. गोळाफेक मात्र एका खान्यात मावेना. आधी बस, मग ढकल. पायातून निघून हातात संपते. हेच तर ती दौलतरावांना सांगत होती.

“अन् नवा हमाल आला तं?” तिने विचारलं. “त्याले कोणतं काम देतेत?”

“मुकादम चार दिवस पाहते,” देवमन म्हणाले. “कोणाचं वाकणं कच्चं असते, कोणाचं ढकलणं. ज्याचं जे कच्चं, त्याले तेच काम देते, हलक्या पोत्यावर. महिन्याभरात माणूस तयार.”

“अन् बाई आली तं?”

देवमननी तेलाची बाटली बंद केली. “तुही आजी याच बाजारात पोते उचलत होती, माहीत हाय का तुले. पोतं इचारत नाई बाई हायेस का माणूस. ते फक्त वजन पाहते.”

आतून बेबीताई म्हणाली, “आता जेवा. भाकर थंडी होऊन राह्यली.”

सोमवारी स्नेहाने मोठ्या कार्डशीटवर स्वतःचा तक्ता लिहून आणला आणि त्या निळ्या तक्त्याशेजारी लावला. पाच शब्द, प्रत्येकाखाली व्यायाम. मुलगा-मुलगी असा शब्द कुठे नाही. शिवाय तिने कार्डं झेरॉक्स करून आणली होती. नाव, आजचं वजन, कॅटेगरी, किती वेळा. कोणती पोर कोणत्या प्रकारात कच्ची आहे ते तिने ‘कॅटेगरी’खाली लिहायचं, म्हणजे तिला तोच व्यायाम जास्त देता येईल. तिने तसं सांगितलंही. पण सांगत असतानाच हायवेवरून ट्रक हॉर्न वाजवत गेला, आणि त्या गदारोळात अर्धं सांगणं वाहून गेलं.

चूक स्नेहाचीच. या पोरी तीन-तीन वर्षांपासून फॉर्म भरत होत्या. तलाठी, वनरक्षक, पोलीस, जिल्हा परिषद, जो निघेल तो. फॉर्मवर ‘कॅटेगरी’ हा शब्द दिसला की त्यांचा हात डोक्याला न विचारता चालतो. संध्याकाळी कार्डं परत आली. संस्कृती राठोड, वजन एकावन्न, कॅटेगरी व्हीजे-अ. वैजयंती, वजन अठ्ठेचाळीस, कॅटेगरी ओबीसी. एकीने लिहिलं होतं, एस.सी., पडताळणी बाकी. आणि एका गुणी पोरीने तर नॉन-क्रिमिलेअरची झेरॉक्स टाचणीने जोडून दिली होती.

स्नेहा आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. पोरीही हसल्या. संस्कृती म्हणाली, “मॅडम, मले वाटलं व्यायामातही जागा राखीव हायेत.” कार्डं उद्या नीट भरू म्हणून स्नेहाने ती टेबलावरच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कार्डं दौलतरावांच्या हातात होती.

ते नव्या तक्त्यापुढे उभे होते आणि पोरं-पोरी सगळी हजर होती. “हे काय चालू हाय मॅडम?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. “आता व्यायामातही कॅटेगरी आणली का तुमी लोकायनं?”

तुमी लोकायनं. एवढे दोन शब्द. गोदामातल्या प्रत्येकाला कळलं की त्यात कोण कोण येतं. वैजयंतीनेसुद्धा मान खाली घातली. स्नेहाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. एक क्षण तिला वाटलं की गैरसमज झाला म्हणून सांगावं, हसण्यावारी न्यावं, विषय मिटवावा. आयुष्यभर असे विषय तिने मिटवलेच होते. आज तिला ते जमेना.

“पोरींनं चुकून लिहिलं सर,” ती म्हणाली. “चुकून लिहिलं, पण खोटं नाई लिहिलं. त्यायले त्याची लाज नाई, मले बी नाई. अन् कॅटेगरी म्या नाई आणली इथं. भिंतीवर पाहा. मी इथं आली त्याच्या आधीपासून दोन रकाने हायेत. कोणी काय उचलाचं ते जन्मावरून ठरवलेलं. ते तुमी केलं.”

बाहेर जीपवाला ‘मंगरूळ, मंगरूळ’ ओरडत होता.

दौलतरावांनी कार्डं टेबलावर टाकली. “हा कागद काढून टाका,” ते म्हणाले. “अन् एक ध्यानात ठेवा. माह्या अकादमीत पोरीनं लोखंडाले हात लावला तं त्या दिवशी तुमची सुट्टी.”

ते निघून गेले. स्नेहाने कागद काढला, गुंडाळी केली आणि पिशवीत घातली. मग तिने दोरीच्या उड्यांची शिट्टी वाजवली. शिट्टी नेहमीपेक्षा जोरात वाजली.

त्या दिवशी दुपारी तिने वडिलांना फोन केला. लोखंडाला हात लावायचा नाही, असं दौलतराव म्हणाले होते. बरं. नाही लावत.

गुरुवारी शेलूबाजारच्या थांब्यावर एका मालवाहू गाडीतून देवमन उतरले. सोबत रिकामी तागाची पोती, दाभण आणि सुतळी. हमाली करून आलेले, अंगावर अजून सोयाबीनची धूळ. गोदामामागच्या ओढ्यातली रेती पोरींनीच भरली आणि देवमननी एकेक पोतं शिवून दिलं. दहा किलोची, वीस किलोची, तीस, चाळीस. पोत्याचे कान कसे ठेवायचे, म्हणजे धरायला जागा राहते, तेही त्यांनीच दाखवलं. व्यापारी पोत्यांवर नाव टाकतात तसला लाल रंगाचा डबा त्यांनी आणला होता. स्नेहाने त्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं. बस. वाक. ढकल. ओढ. ने. भिंतीवरून काढलेला तक्ता आता पोत्यांवर आला, आणि पोती गोदामाच्या बाहेर, हायवेच्या कडेला, साऱ्या शेलूबाजारला दिसतील अशी मांडली गेली.

जाण्याआधी देवमननी संस्कृतीला वीस किलोचं पोतं जमिनीवरून उचलायला लावलं. तिने पाठ वाकवून हिसका दिला. “असं नाई बेटा,” ते म्हणाले, “पाठ सरळ ठेव, बूड मागं ने, अन् जमीन पायानं खाली दाब. पोतं आपोआप वर येते.” तिसऱ्यांदा पोतं वर आलं. संस्कृती त्याच्याकडे बघत राहिली, जणू ते तिने उचललेलंच नसावं.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. कारंज्याच्या गाडीची वाट पाहणारी एक म्हातारी ‘बस’ लिहिलेल्या पोत्यापाशी येऊन बसली. तिचं पाहून आणखी दोघी आल्या. बस इथंच लागते का म्हणून त्या वैजयंतीला विचारू लागल्या. वैजयंतीने त्यांच्यापुढेच पोतं छातीशी धरलं आणि दहा बैठका मारल्या. म्हातारीने हिशेब ठेवला आणि शेवटी म्हणाली, “लय झालं माय, आता बस.” त्या दिवसापासून तिथे थांबणारे लोक बैठका मोजायला लागले.

बाहेरगावी गेलेले दौलतराव परत आले तेव्हा पोरी ‘ने’ची पोती खांद्यावर घेऊन गोदामाला फेरी मारत होत्या. ते गाडीतून सावकाश उतरले, आधी एक पाय, मग कमरेला हात, मग दुसरा पाय.

“म्या काय म्हनलो होतो?” त्यांनी विचारलं.

“लोखंडाले हात लावाचा नाई,” स्नेहा म्हणाली. “हे रेती हाय.”

“शब्दात पकडून राह्यल्या मले?”

“तुमीच शब्द टाकला सर. पोरी अकादमीच्या भाईर हायेत, अन् पोती माह्या बापाची हायेत.”

“सोमवारी मले हे दिसलं नाई पाह्यजे.”

“सोमवारी पाच किलो वाढवणार हावो आमी,” स्नेहा म्हणाली, आणि आपण हे बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. नोकरी जाईल हे तिला दिसत होतं, आणि गेली तर या एकोणीस पोरींच्या हातात पुन्हा गुलाबी डंबेल येतील हेही दिसत होतं. नोकरीपेक्षा त्याचंच तिला जास्त वाटत होतं.

तेवढ्यात संस्कृती खांद्यावरचं पोतं न उतरवताच पुढे आली. “सर, मॅडमले काढलं तं आमीबी जातो,” ती म्हणाली. “पोती घेऊन जातो. तांड्यावर रेती लय हाय.” तिच्यामागे वैजयंती येऊन उभी राहिली आणि मग बाकीच्या. एकोणीस पोरी, प्रत्येकीच्या खांद्यावर पोतं. दौलतराव गाडीला टेकले. मैदान दोन महिन्यांवर असताना एकोणीस पोरी गेल्या तर गावात काय तोंड दाखवायचं, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होता. ते आत गेले. सोमवारी पाच किलो वाढले.

कार्डं पुन्हा भरली गेली. संस्कृतीने व्हीजे-अ वर बारीक रेघ मारून शेजारी लिहिलं, ढकल. तिचं ढकलणं कच्चं होतं, आणि त्याखालचं बसणंही. मग आठवडाभर तिला दुसरं काही नाही. पोतं छातीशी घेऊन खाली बसायचं आणि उठता उठता ते दोन्ही हातांनी पुढे फेकायचं. पहिल्यांदा दहा किलोचं पोतं तिच्या पायाशीच पडलं. महिन्याने वीस किलोचं पोतं ओट्यावर जाऊन पडायला लागलं. संध्याकाळी ग्राउंडवर पोरं लोखंडाच्या खोलीतून बाहेर येऊन बघत उभी राहायची, आणि त्यातले दोघे एके दिवशी लाजत लाजत विचारून गेले की आमाले ‘ओढ’चं पोतं भेटन का. स्नेहाने दिलं. तिच्या तक्त्यात कोणाला मनाई नव्हती.

अकादमीत पोरींनी एकमेकींना विचारायची पद्धतच पडली होती. “तुही कॅटेगरी काय?” “ओढ.” “अन् तुही?” “माही गेल्या महिन्यापर्यंत वाक होती, आता पक्की झाली, आता ने.” बाहेरच्या माणसाला काही कळलं नसतं.

मैदान वाशीमला झालं. उमेदवाराशिवाय कोणाला आत सोडत नाहीत, म्हणून स्नेहा फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत सकाळपासून उभी होती. रस्त्यापलीकडे दौलतरावही गाडीत बसून होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं होतं.

दुपारी पोरी बाहेर आल्या. वैजयंती आधी. पाच मीटर पस्तीस, म्हणाली, पळण्यात थोडं गेलं, पण गोळ्याने धोका दिला नाही. तिच्यामागून संस्कृती आली, हसू दाबत, पण ते दाबलं जात नव्हतं.

“मॅडम, काय झालं माहीत हाय का,” ती म्हणाली. “आत टेबलावर साहेबानं इचारलं, कॅटेगरी? मी म्हनलं, ढकल.”

“मग?”

“ते म्हने, काय? मी पुन्हा म्हनलं, ढकल. मांगच्या साऱ्या आपल्या पोरी हासून हासून येड्या झाल्या. मग ध्यानात आलं, अन् व्हीजे-अ सांगतलं.” ती थांबली. “पण मॅडम, गोळा फेकताना मले तेच आठवलं. आधी बस, मग ढकल. सहा मीटर चार.”

स्नेहाने तिला पुन्हा एकदा आकडा सांगायला लावला. मग पुन्हा एकदा. मग तिने पोरीला जवळ ओढलं आणि भर रस्त्यात रडली, आणि तिला त्याची जरा लाज वाटली नाही. यादी लागायला वेळ होता, कोणाचं काय होईल सांगता येत नव्हतं. पण त्या दोन मार्कांची उधारी संस्कृतीने आज फेडून टाकली होती.

सोमवारी स्नेहा अकादमीत गेली तर गोदामाच्या दारावर नवा फ्लेक्स. संस्कृतीचा फोटो, सहा मीटर चार असा मोठा आकडा, आणि खाली ‘मार्गदर्शक : दौलतराव गावंडे’. आत पेंटर शिडी लावून उभा. लोखंडाच्या खोलीला कुलूप नव्हतं.

“या मॅडम,” दौलतराव म्हणाले. आवाजात गोडवा होता, थोडा अवघडलेला. “तुमचे ते पाच परकार चांगले हायेत, मी मानलं. हे फूल पुसून टाकू, अन् त्या जागी लिहून घेऊ. मुलींच्या रकान्यात.”

स्नेहाने भिंतीकडे पाहिलं. एक पाऊल टाकून ते पुढे आले होते, हे तिला कळत होतं. गावातल्या दुसऱ्या कोणी मालकाने एवढंही केलं नसतं. घ्यावं पदरात पडलं ते, असं तिच्या आतलं कोणीतरी म्हणालं. ते जुनंच होतं, आयुष्यभर विषय मिटवत आलेलं.

“नाई सर,” ती म्हणाली.

तिने पेंटरच्या हातातून पांढऱ्या रंगाचा ब्रश घेतला आणि शिडीवर चढली. आधी ‘मुलींचे’ पुसलं, मग ‘मुलांचे’. मग वरून खालपर्यंत मधली रेघ. ब्रशला रंग जास्त झाला होता, ओघळ तिच्या कोपरापर्यंत आले. पोरं-पोरी दारात गोळा झाली होती. भिंतीवर आता नुसतेच व्यायाम उरले होते, आणि एक फूल.

“मग कोणी काय कराचं,” दौलतरावांनी शेवटी विचारलं, “हे समजन कसं?”

“ज्याचं जे कच्चं, त्यानं ते कराचं.” स्नेहा शिडीवरून उतरली. तिची नजर त्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर गेली. पूर्वी ती तिथून नजर काढून घ्यायची. आज तिने काढली नाही. “तुमची कॅटेगरी बी मले पहिल्या दिवसापासून माहीत हाय सर. वाक. तुमाले वाकता येत नाई.”

दौलतरावांचा चेहरा लाल झाला, आणि स्नेहाला वाटलं, आता गेली नोकरी. जाऊ दे. रेघ तर पुसली गेली.

दौलतरावांनी भिंतीकडे पाहिलं. मग दाराबाहेर रांगेत ठेवलेल्या पोत्यांकडे त्यांनी पाहिलं.

“किती किलोपासून सुरू करतेत?” त्यांनी विचारलं.

“दहा,” स्नेहा म्हणाली. “पोरींनं बी दहापासूनच केलं.”

संस्कृतीने लाल अक्षरांतलं ‘वाक’ लिहिलेलं छोटं पोतं उचललं, आत आणलं आणि त्यांच्या पायापाशी ठेवलं.